बढती मिळाली की जनावर सुटते

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

बारावीचे आणि ‘नीट’चे निकाल लागले की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत अभ्यासक्रमांची माहिती देणारे लेख येऊ लागतात. गेली काही वर्षे त्यांत पशुवैद्यक शाखेलाही जागा मिळते, याचे या शाखेत आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाला समाधान वाटते. या लेखांतील प्रवेशाची माहिती बहुधा अचूक असते. पदवी साडेपाच वर्षांची आहे, त्यातले शेवटचे एक वर्ष आंतरवासितेचे असते, प्रवेश ‘नीट’च्या गुणांवर होतो, राज्यातील महाविद्यालये नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत येतात आणि राज्य पशुवैद्यक परिषदेकडे नोंदणी झाल्याशिवाय व्यवसाय करता येत नाही, हे सर्व त्यांत असते. त्यानंतर संधींची यादी येते: शासकीय सेवा, शहरातील श्वानचिकित्सालय, कुक्कुटपालन कंपन्या, औषध कंपन्या, बँका, विमा, सैन्यदलातील रिमाउंट व्हेटरनरी कोअर, संशोधन. यादीतली एकही गोष्ट खोटी नाही. मात्र ज्या कामासाठी ही पदवी मुळात दिली जाते, म्हणजे आजारी जनावराला हात लावून बरे करणे, त्याच कामात राहून माणूस तीस वर्षांत पुढे कसा जातो, हे एकाही लेखात मला वाचायला मिळालेले नाही. तशी वाट आपल्या राज्याच्या शासकीय सेवेत बांधलेलीच नाही, त्यामुळे लेखकांनी तरी ती कोठून दाखवावी? पशुवैद्यकाची प्रत्येक बढती त्याला गोठ्यापासून एक पायरी दूर नेते, आणि त्याची किंमत शेवटी ज्याच्या दावणीला दोन जनावरे आहेत तो शेतकरी मोजतो, हे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

ही शिडी कशी आहे ते आधी सांगतो. लोकसेवा आयोगामार्फत निवड झालेला पदवीधर ‘पशुधन विकास अधिकारी, गट-अ’ म्हणून रुजू होतो आणि बहुधा एखाद्या श्रेणी-१ पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याची नेमणूक होते. तेथे जनावर अडकवून धरण्याचा एक खोडा, एक औषधांचे कपाट, लसींसाठी शीतकपाट, कृत्रिम रेतनाच्या रेतमात्रांसाठी द्रवरूप नत्राचे पात्र आणि, पदे भरलेली असतील तर, हाताखाली एक-दोन माणसे असतात. भोवतालच्या गावांतील जनावरे त्याची असतात. पुढची पायरी सहायक आयुक्ताची, त्यापुढे उपायुक्त, सहआयुक्त आणि मोजक्या लोकांच्या नशिबी अतिरिक्त आयुक्त. सर्वांत वरचे आयुक्तपद भारतीय प्रशासकीय सेवेकडे असते. सहायक आयुक्तांपैकी काहींकडे तालुका लघु पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयाचा कारभार येतो हे खरे आहे. परंतु त्यांचा दिवसही योजनांच्या लाभार्थी याद्या, आढावा बैठका, लेखा आक्षेप आणि माहिती अधिकाराची उत्तरे यांतच सरतो. उपायुक्तपदी पोचलेल्या अधिकाऱ्याने शेवटचा टाका कधी घातला होता हे त्याला स्वतःला आठवत नसते. यात त्याचा दोष नाही. ज्या क्षणी त्याचा हात खऱ्या अर्थाने तयार झालेला असतो, नेमक्या त्याच सुमारास त्याच्या हाती फायली येतात, आणि तो नाकारील तर वेतनश्रेणीत मागे पडतो, कनिष्ठ त्याचे वरिष्ठ होतात आणि सोयरेधायरे विचारू लागतात की साहेबांचे काही प्रकरण तर निघाले नाही ना.

‘हात तयार होणे’ हा शब्द आमच्याकडे सहज वापरला जातो. बाहेरच्या वाचकाला त्याचा अर्थ थोडा उलगडून सांगायला हवा. म्हशीच्या गर्भाशयाला पीळ पडण्याची घटना ग्रामीण भागात वारंवार घडते. दिवस भरलेली म्हैस अस्वस्थ होते, उठबस करते, कळा देते, पण पाण्याची पिशवी दिसत नाही, आणि मालक ‘अजून वेळ आहे’ असे म्हणत रात्र काढतो. पशुवैद्यकाला आत हात घालून केवळ स्पर्शाने पीळ उजवीकडचा की डावीकडचा, अर्धा की पूर्ण, हे ठरवावे लागते. मग म्हशीला पिळाच्या बाजूवर आडवे पाडायचे, वरच्या कुशीवर लांब फळी टेकवायची, फळीच्या जमिनीवरच्या टोकावर एक माणूस उभा करायचा आणि पाय बांधलेली म्हैस पिळाच्याच दिशेने सावकाश लोळवायची, म्हणजे फळीने धरून ठेवलेले गर्भाशय जागीच राहते, शरीर त्याच्याभोवती फिरते आणि पीळ सुटतो. दिशा उलट धरली तर तोच पीळ आणखी आवळला जातो. पहिल्या दिवशी आलेली म्हैस यातून बहुधा मोकळी होते. दोन-तीन दिवस गेले की गर्भाशय आजूबाजूला चिकटते, रेडकू केव्हाच गेलेले असते आणि पोट उघडण्यावाचून इलाज उरत नाही. फळीची जाडी, माणसाचे वजन, किती लोळवल्यावर थांबून पुन्हा तपासायचे, या गोष्टी पुस्तकात चार ओळींत लिहिलेल्या असतात, पण त्या कळतात त्या कोणा अनुभवी माणसाच्या शेजारी गुडघे टेकून, त्याच्यानंतर लगेच आपला हात आत घालून.

गाय व्याल्यावर एक-दोन दिवसांत मान कुशीत घालून बसते, कान गार पडतात, उठवून उठत नाही. हा दुधाचा ज्वर. नाव ज्वर असले तरी अंग थंड असते, कारण रक्तातील कॅल्शियम उतरलेले असते. शिरेतून कॅल्शियमची बाटली दिली की अर्ध्या-पाऊण तासात ती गाय उभी राहते आणि वैरणीला तोंड लावते. गावकऱ्यांना हा चमत्कार वाटतो, आणि खरे सांगायचे तर कितीही वर्षे झाली तरी करणाऱ्यालाही तो थोडासा वाटतोच. पण तीच बाटली घाईने सोडली तर हृदय बंद पडून गाय सुईवरच मरते. म्हणून एक हात बाटलीवर आणि दुसरा स्टेथोस्कोपवर ठेवून, ठोके ऐकत, प्रवाह कमी-जास्त करावा लागतो. गावोगाव मोटारसायकलवरून फिरणाऱ्या अर्धशिक्षित ‘डॉक्टरां’च्या हातून ज्या गाई दगावतात त्यांपैकी कितीतरी या घाईच्या बळी असतात. त्यांच्या पेटीत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइडही असते. ते टोचले की जनावर तेवढ्यापुरते तरतरीत दिसते, ताप उतरतो, मालक खूश होतो, आणि गाय गाभण व शेवटच्या महिन्यांतली असेल तर ती गाभडते.

धोका पशुवैद्यकालाही असतोच. लाळ गाळणारी, विचित्र हंबरणारी, घास न गिळणारी गाय दाखवून मालक ‘घशात काहीतरी अडकलंय’ असे सांगतो, तेव्हा तिच्या तोंडात हात घालण्याआधी कुत्रा चावल्याची चौकशी करायची आणि रेबीजची शंका घ्यायची, हे पाठ असूनही रात्रीच्या घाईत विसरणारे सहकारी मी पाहिले आहेत. मग स्वतःपासून ते कच्चे दूध प्यायलेल्या घरातील लहान मुलापर्यंत सर्वांच्या जिवाला घोर लागतो. गाभडलेल्या गाईची वार, म्हणजे जार, काढताना ब्रुसेलोसिस होतो. अंग मोडून आणणारा, संध्याकाळी चढणारा ताप महिनोन्‌महिने छळतो आणि गावच्या दवाखान्यात टायफॉइड म्हणून त्यावर उपचार होत राहतात. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना या रोगाची जी लस टोचतात ती जिवंत जंतूंची असल्यामुळे, वासराने झटका दिला आणि सुई आपल्याच बोटात गेली, तरी तोच आजार होऊ शकतो. गाय पुढे आणि बाजूला लाथ मारते, त्यामुळे तिच्या कुशीला उभे राहणारा माणूस नेमका तिच्या टप्प्यात असतो. खांदा आणि कंबर तर चाळिशीतच जातात. एवढे करून या जोखमीचा विचार बढतीच्या वेळी कोठेही होत नाही. गोपनीय अहवालात लसीकरणाचे उद्दिष्ट, कृत्रिम रेतनाचे उद्दिष्ट आणि खर्ची पडलेला निधी यांचे रकाने असतात, अडलेल्या किती जनावरांची सुटका केली आणि त्यांपैकी किती जगली, असा रकाना मी कधी पाहिला नाही.

तरुण अधिकारी या सगळ्यात एकटा पडतो. महाविद्यालयाच्या चिकित्सालयात त्याने जनावरे पाहिलेली असतात, परंतु एका जनावराभोवती विद्यार्थ्यांचा घोळका असतो आणि प्रत्यक्ष हात घालण्याची पाळी थोड्यांची येते. शिवाय शहर वाढत गेले तसे महाविद्यालयांच्या दारी येणाऱ्या रुग्णांत कुत्र्या-मांजरांचे प्रमाण वाढत गेले. परळला १८८६ साली सुरू झालेल्या मुंबईच्या महाविद्यालयाभोवती आज गोठे कोठे शोधायचे? अशा शिक्षणानंतर मुलगा किंवा मुलगी थेट दवाखान्याची प्रमुख होते. पहिल्याच पावसाळ्यात, रात्री, विजेरीच्या उजेडात, चिखलात पडलेली म्हैस समोर असते, भोवती अर्धे गाव जमलेले असते आणि फोन करून विचारावे असा वरिष्ठ त्या वेळी जिल्ह्याच्या ठिकाणी दुसऱ्या दिवशीच्या बैठकीची टिपणी तयार करत असतो. त्या वरिष्ठाकडे ज्ञान असते, उपयोगी पडण्याची इच्छाही असते. पण त्याने पाच-सहा वर्षांत म्हशीला हात लावलेला नसतो. माणसांच्या वैद्यकात नवख्या डॉक्टरला वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करण्याची वर्षे मिळतात. आमच्याकडे वरिष्ठ म्हणजे ज्याने ते काम सोडले तो.

माझ्या नोकरीच्या काळात एका जिल्ह्यात शल्यचिकित्सेत पदव्युत्तर पदवी घेतलेला एक सहकारी होता. बैलाच्या शिंगाचा कर्करोग, पोटात गेलेली तार, गाईच्या रूमेनमध्ये, म्हणजे पोटाच्या पहिल्या कप्प्यात, साठलेले प्लास्टिक, वासरांच्या बेंबीचा हर्निया, या शस्त्रक्रिया तो इतक्या सफाईने करी की शेजारच्या तालुक्यातून टेम्पोत घालून जनावरे येत. प्लास्टिकची एक शस्त्रक्रिया मी पाहिली आहे. पिशव्या, सुतळी, खताच्या गोणीचे धागे असा चांगला घमेलेभर ऐवज निघाला, आणि मालकीण तो पाहून गाईऐवजी गावालाच शिव्या देऊ लागली. या सहकाऱ्याला बढती मिळाली आणि त्याच्याकडे शेळीगट वाटपाच्या योजनेचे टेबल आले. त्याच्यावर कोणी अन्याय केला असे म्हणता येणार नाही, नियमाप्रमाणे त्याची ज्येष्ठता आली होती. पण त्या दवाखान्यातले शस्त्रक्रियेचे टेबल त्यानंतर लसींची खोकी ठेवायला वापरले जाऊ लागले, हेही मी पाहिले. शल्यचिकित्सा, पशुप्रजनन, औषधवैद्यक, विकृतिशास्त्र अशा विषयांत दोन-तीन वर्षे अधिक शिकून आलेले अधिकारी विभागात पुष्कळ आहेत. त्यांचा विषय आणि त्यांची नेमणूक यांची गाठ पडलीच तर ती योगायोगाने पडते.

याला जोडूनच आकड्यांचा एक भ्रम दूर केला पाहिजे. राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ साली पाच हजार पशुघटकांमागे (लहान-मोठी जनावरे एकाच मापात मोजण्याचे हे एकक) एक पशुवैद्यक असावा अशी शिफारस केली होती. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे ३ कोटी ३० लाख पशुधन आहे, त्यात गोवंश सुमारे १ कोटी ४० लाख, म्हशी ५६ लाख आणि शेळ्या १ कोटीहून अधिक. दवाखान्यांची संख्या या आकड्यांशी ताडून पाहिली तर राज्याची स्थिती कागदावर फारशी वाईट दिसत नाही. मात्र माझ्या सेवाकाळात या दवाखान्यांपैकी निम्म्याहून अधिक श्रेणी-२ चे होते, म्हणजे तेथे पदवीधर पशुवैद्यकाचे पदच नव्हते. पशुधन पर्यवेक्षक किंवा सहायक पशुधन विकास अधिकारी तो दवाखाना चालवीत. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ च्या कलम ३० नुसार पशुवैद्यकाचा व्यवसाय नोंदणीकृत पदवीधरानेच करायचा आहे, आणि पदविकाधारकांना राज्य शासन ज्या किरकोळ सेवांची परवानगी देईल त्या सेवा पदवीधराच्या देखरेखीखाली आणि निर्देशानुसार द्यायच्या आहेत. कायद्याला अभिप्रेत असलेली ही देखरेख वीस-पंचवीस किलोमीटरवरून, दोन-तीन दवाखान्यांचा अतिरिक्त कार्यभार सांभाळणारा अधिकारी कशी ठेवणार? पदवीधर आणि पदविकाधारक यांच्या संघटनांमध्ये अधूनमधून जो वाद पेटतो त्यात मला रस नाही. आडगावच्या दवाखान्यात अनेक वर्षे निष्ठेने काम केलेल्या पर्यवेक्षकांकडून मी स्वतः पुष्कळ शिकलो आहे. माझे म्हणणे एवढेच की देखरेख करणारा माणूस गोठ्यात असला पाहिजे, आणि त्याला गोठ्यात थांबवून ठेवील असे काहीही आजच्या सेवानियमांत नाही.

जो दवाखान्यात आहे त्याचाही वेळ रुग्णांसाठी उरत नाही. लाळ्या-खुरकुताचे लसीकरण वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी घटसर्प आणि फऱ्या, शेळ्या-मेंढ्यांना आंत्रविषार आणि पीपीआर, कालवडींना ब्रुसेलोसिस. प्रत्येक जनावराच्या कानात बारा अंकी पिवळा बिल्ला, आणि त्या क्रमांकावर प्रत्येक लसीची, रेतनाची, उपचाराची ‘भारत पशुधन’ प्रणालीवर नोंद. बैलगाडा शर्यतींना परवानगी मिळाल्यापासून बैलांच्या तपासणीचे काम आहे, मृत जनावरांचे पंचनामे आणि शवविच्छेदन आहे, विम्याचे दाखले आहेत, पशुगणना आहे. या कामांना मी कमी लेखतो असे कोणी समजू नये. बुळकांडी हा रोग या देशातून गेला तो गावोगाव लस घेऊन फिरलेल्या, आणि लसीकरण थांबवल्यानंतर एकेका संशयित जनावराचा माग काढणाऱ्या पशुवैद्यकीय कर्मचाऱ्यांमुळे. भारताला २००६ मध्ये बुळकांडीमुक्त म्हणून मान्यता मिळाली आणि २०११ मध्ये जगातून तो रोग संपल्याचे जाहीर झाले. माणसांच्या देवीनंतर पृथ्वीवरून पूर्णपणे नाहीसा केलेला तो दुसराच रोग आहे, आणि त्या कामाचे श्रेय उपचारापेक्षा लसीकरण आणि नोंदींकडेच जाते. २०२२ च्या लम्पी साथीतही, ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात पहिली जनावरे आढळल्यापासून थोड्याच महिन्यांत राज्यातील गोवंशाला शेळीच्या देवीची लस टोचून झाली, ती याच यंत्रणेने, आणि आंतरवासितेतील विद्यार्थ्यांनीही त्यात पडेल ते काम केले. परंतु त्याच साथीने दुसरी बाजूही दाखवली. लस टोचून झाल्यावर जी जनावरे आधीच आजारी होती, ज्यांच्या पायांवर सूज आणि अंगावर फुटलेल्या गाठींच्या जखमा होत्या, त्यांना रोज कोणीतरी पाहणे, जखमा धुणे, माश्या बसू न देणे, पाणी-गूळ-वैरण तोंडाशी नेण्याबद्दल मालकाला सांगत राहणे आवश्यक होते. या शुश्रूषेवरच बरीचशी जनावरे उठली. त्या वेळी उपचार करणारे हात अपुरे पडले. मेलेल्या गाईमागे तीस हजार, बैलामागे पंचवीस हजार आणि वासरामागे सोळा हजार रुपयांची भरपाई शासनाने दिली, ती योग्यच होती. तिचे पंचनामे करण्यात मात्र जिवंत जनावरांचा वेळ गेला.

खासगी व्यवसायाकडे वळावे, तर तेथेही ओढ उलट्या दिशेची आहे. शहरात श्वान-मार्जार चिकित्सेत चांगले उत्पन्न आहे, क्ष-किरण, सोनोग्राफी, रक्ततपासणी यांची सोय आहे, रात्री घरी झोपता येते. तरुणांनी तिकडे जाणे स्वाभाविक आहे आणि त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही. ग्रामीण भागात मोठ्या जनावरांचा स्वतंत्र व्यवसाय पश्चिम महाराष्ट्राच्या दुधाच्या पट्ट्यात, संकरित गाईंच्या मोठ्या गोठ्यांच्या जोरावर, काही ठिकाणी चालतो. मराठवाड्यात आणि विदर्भात दोन लिटर दूध देणाऱ्या गाईच्या मालकाकडून पदवीधराने काय शुल्क घ्यावे? तेथे शासकीय दवाखान्याला पर्याय नाही. दूध संघांची पथके आहेत, उरुळी कांचनला मणिभाई देसाई यांनी १९६७ साली सुरू केलेल्या ‘बाएफ’ने दारात जाऊन रेतन करण्याचा पायंडा पाडला, आणि आता १९६२ हा क्रमांक फिरवला की येणारी फिरती पथकेही आहेत. या पथकांत आमचे अलीकडचे पदवीधर काम करतात, दिवसभर खऱ्या रुग्णांवर उपचार करतात, हात तयार करून घेतात. पण ती कंत्राटी नोकरी असते, त्यामुळे परीक्षेची पुस्तके गाडीतच असतात आणि आयोगाची परीक्षा, बहुधा महसूल किंवा पोलीस खात्यातली, उत्तीर्ण होताच ते निघून जातात. साडेपाच वर्षे पशुवैद्यक शिकून तहसीलदार झालेली मुले हुशारच असतात. त्यांच्या सत्काराला मी हौसेने जातो आणि परत येताना मला थोडे वाईटही वाटते.

मुलींविषयी एक-दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण वर्गांत त्यांची संख्या वाढली आहे आणि पालकांची शंका नेहमी तीच असते: मोठ्या जनावरांचे काम मुलीला झेपेल का? अडलेले वासरू ताकदीने ओढून निघत नाही, ओढले तर गाय फाटते. मागे वळलेली मान किंवा दुमडलेला पाय आतल्या आत सरळ करावा लागतो आणि त्यासाठी बारीक, लवचीक हात अधिक उपयोगी पडतो. शेळीच्या बाबतीत तर बऱ्याच पुरुषांचा पंजा आतच जात नाही. अडचण ताकदीची नसून सोयींची आहे. दवाखान्यात स्वच्छतागृह नसते, रात्रीच्या बोलावण्याला जाण्यासाठी शासकीय वाहन नसते, सोबतीला परिचर नसतो. याच अडचणी पुरुष अधिकारीही आजवर मुकाट्याने सोसत आले, म्हणून त्या अडचणी आहेत हेच कोणाच्या लक्षात आले नाही.

यावर काय करता येईल? प्रशासनाला अनुभवी पशुवैद्यक लागणारच, आणि ज्याने कधी गोठा पाहिलेला नाही त्याच्या हाती विभाग देणे आणखी वाईट, हे मला मान्य आहे. ज्याला प्रशासनात जायचे आहे त्याने जावे. पण ज्याला जनावरांतच राहायचे आहे त्याला तेथे राहून वेतन आणि दर्जा दोन्ही वाढवून मिळतील असा समांतर चिकित्सा संवर्ग असला पाहिजे. सध्या अशी सोय विद्यापीठाच्या अध्यापकांना काही प्रमाणात आहे. प्राध्यापक झालेला शल्यचिकित्सक शस्त्रक्रिया करत राहू शकतो. जिल्हा रुग्णालयात भिषक, स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ अशी विषयवार पदे असतात. जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालये आणि तालुका लघु सर्वचिकित्सालये आपल्याकडे आजच उभी आहेत. त्यांत शल्यचिकित्सा, प्रजनन आणि रोगनिदान यांची पदे विषयाच्या नावानिशी निर्माण करावीत, ती त्या विषयाच्या पदव्युत्तर पदवीधारकांतूनच भरावीत आणि त्या पदांवरील व्यक्तीला सहायक आयुक्त व पुढे उपायुक्त यांच्या समकक्ष वेतनश्रेणी टेबल न बदलता मिळावी. बारमाही बैठका आणि उद्दिष्टांचे अहवाल यांतून या पदांना वगळावे. नव्याने निवड झालेल्या पशुधन विकास अधिकाऱ्याची पहिली दोन वर्षे अशाच सर्वचिकित्सालयात, या तज्ज्ञांच्या हाताखाली जावीत, आणि त्यानंतरच त्याच्याकडे स्वतंत्र दवाखाना द्यावा. तेवढ्या काळात दवाखाने रिकामे राहतील हा आक्षेप येईल. पण पदे रिक्त ठेवण्याची आपल्याकडे जी सवय आहे ती पाहता, निदान एकदा तरी रिकामेपण उपयोगी कारणासाठी सोसावे, असे मला वाटते. नोंदींचे काम वेगळ्या मनुष्यबळाकडे दिल्यास दवाखान्यातला अर्धा दिवस मोकळा होतो. कानातला बिल्ला वाचून क्रमांक भरण्यासाठी साडेपाच वर्षांची पदवी लागत नाही.

आणखी एक गोष्ट, जी पैशांवाचून होईल. जिवंत अथवा मृत जनावरावर केलेल्या प्रत्येक गुंतागुंतीच्या कामाची नोंद, म्हणजे सोडवलेला पीळ, सिझेरियन, शस्त्रक्रिया, निदान पक्के करणारे शवविच्छेदन, अधिकाऱ्याच्या वार्षिक मूल्यमापनात उद्दिष्टांच्या शेजारी यावी. अशा नोंदी विभागाकडे जमा झाल्या तर कोणत्या तालुक्यात कोणते काम होते आणि कोठे ते करणारे कोणीच नाही, हेही कळेल; आज ते शेतकऱ्यांच्या तोंडी प्रसिद्धीवरून कळते.

पालक मला फोन करून विचारतात की मुलाला या शाखेत घालावे का, तेव्हा मी होच म्हणतो. सोबत एवढेही सांगतो की प्रवेश घेण्याआधी मुलाला आपल्या गावच्या दवाखान्यात आठवडाभर बसवा, जमल्यास पावसाळ्यात, आणि खोड्यात घातलेल्या जनावराजवळ त्याला उभे राहावेसे वाटते का ते पाहा. ज्यांना तसे वाटते अशी मुले दरवर्षी येतात, पुढेही येतील. ती नोकरीला लागल्यावर दहाव्या-पंधराव्या वर्षी त्यांनी खोडा सोडून टेबलाकडे जावे की नाही, हे ठरवणारे सेवाप्रवेश नियम शासन अधिसूचनेने बनतात आणि अधिसूचनेनेच बदलतात. त्यासाठी विधिमंडळात विधेयक आणण्याची गरज नाही. पशुसंवर्धन विभागाने पुढील भरतीची जाहिरात काढण्यापूर्वी हे नियम तपासावेत आणि आपल्या दैनिकाने या मागणीचा पाठपुरावा करावा, अशी विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त पशुधन विकास अधिकारी
(जिल्हा सातारा)